तोरणमाळचे तळे, प्रकाशाचा संगम आणि थाळनेरचा किल्ला: खान्देशात चार दिवस

तोरणमाळला जाणारे बहुतेक जण सकाळी शहाद्याहून निघतात, तळ्याकाठी डबा सोडतात, सीताखाईत डोकावतात आणि उन्हे कलायच्या आत घाट उतरतात. अशा घाईत तळे पाहून होते, पण डोंगराची ओळख होत नाही. वर दोन मुक्काम करावेत आणि जाता-येता तापीकाठची देवस्थाने नि किल्ले जोडावेत. आम्ही ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात याच क्रमाने फिरलो. पाऊस संपून तीन आठवडे झाले होते, गवत अजून हिरवे होते आणि सीताफळे पिकू लागली होती.

दिवस पहिला: धुळे, दोंडाईचा, सारंगखेडा, प्रकाशा

धुळ्याहून दोंडाईचामार्गे शहादा शंभरेक किलोमीटर. रेल्वेने येणाऱ्यांना सुरत-भुसावळ मार्गावरचे नंदुरबार सोयीचे. तिथून प्रकाशावरूनच शहाद्याला जाता येते.

दोंडाईचा आणि नंदुरबार या दोन्ही मिरचीच्या मोठ्या बाजारपेठा. हंगाम भरात आला की गावाबाहेरच्या मोकळ्या रानात ओली लाल मिरची वाळत घालतात. त्या जागेला इथे पथारी म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा पथाऱ्या नुकत्या साफ होत होत्या. एका पथारीवरच्या मुकादमांनी सांगितले, की या धंद्यात खरी धास्ती अवकाळी पावसाची. वाळत आलेला माल एकदा भिजला की आतून बुरशी धरतो, सालीवर काळे डाग पडतात आणि भाव पडतो. घरासाठी मिरची घ्यायची तर मूठभर हातात घेऊन हलवावी. बी खुळखुळले तर माल वाळलेला. दाबली तर वाकते आणि तुटत नाही, अशी मिरची घेऊ नये, डब्यात महिन्याभरात तिला जाळी लागते.

तापी ओलांडली की सारंगखेडा. एकमुखी दत्ताचे हे स्थान दत्तजयंतीच्या यात्रेसाठी आणि घोडेबाजारासाठी ओळखले जाते. मारवाडी, काठियावाडी घोडे लांबून येतात. एरवी मंदिर अगदी शांत असते, अर्धा तास पुरतो. घोडे पाहायचे असतील तर मार्गशीर्ष पौर्णिमा धरूनच यावे. मात्र त्या दिवसांत शहाद्यापर्यंत राहायला खोली मिळणे कठीण, आणि पुलाच्या दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागते.

दुपारचे जेवण शहाद्यात, शेवभाजीचे. इकडची चांगली शेवभाजी ओळखायची खूण सोपी आहे. रस्सा आधी उकळतो, त्याला कांदा-खोबरे काळपट होईपर्यंत भाजून वाटलेला मसाला असतो, आणि जाड तिखट शेव ताट वाढतानाच वरून पडते. शेव आधीच टाकून ठेवलेली असेल तर ती विरघळते आणि रस्सा पिठाळ होतो. शेव वेगळी आणून द्यायला सांगावी, कुणी नाही म्हणत नाही. सोबत कळण्याची भाकरी मिळाली तर सोडू नये. ज्वारीत उडीद घालून दळलेले हे पीठ, भाकरी जरा खरबरीत होते आणि ठेच्याबरोबर फार चांगली लागते.

उन्हे उतरल्यावर प्रकाशा. शहाद्याहून पाऊण तासही लागत नाही. तापी आणि गोमाई यांचा इथे संगम, पुलंदा ही तिसरी नदी. गावाला दक्षिण काशी म्हणतात, आणि काशी केली तरी प्रकाशा केल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, अशी खान्देशात जुनी समजूत आहे. केदारेश्वर आणि पुष्पदंतेश्वर ही गावातली मुख्य मंदिरे, तर संगमेश्वर संगमाच्या बाजूला. आधी संगमेश्वर करावे आणि सांजआरतीला केदारेश्वराला यावे. काशी करून आलेली वयस्कर मंडळी जोडीने भेटतात. हातात तांब्या, आणि मुलगा किंवा सून पायरी-पायरीने धरून नेत असते.

घाटावर फुले विकणाऱ्या मावशींनी आम्हाला हाताने थांबवले. "भाऊ, जपीसन जा. शेवाळ शे, पाय सटकस." सांगितलेले अक्षरशः खरे. तापीवरच्या बॅरेजमुळे, म्हणजे दरवाजांच्या बंधाऱ्यामुळे, पाण्याची पातळी वर-खाली होते. काल बुडालेल्या पायऱ्या आज उघड्या पडतात आणि त्यांवर हिरवा थर राहतो. अनवाणी उतरावे, कोरड्या पायरीवर बसूनच पाय बुडवावेत. पावसाळ्यात दरवाजे उघडतात तेव्हा पाणी पाहता पाहता चढते, म्हणून तेव्हा घाटावर उतरूच नये.

प्रकाशाची आणखी एक बाजू यात्रेकरूंना क्वचितच माहीत असते. गावाच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर १९५५ साली पुरातत्त्व खात्याच्या बा. कृ. थापर यांनी उत्खनन केले. ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर एकावर एक निघाले. देवळे आज दिसतात त्याच्या कितीतरी आधीपासून माणसे या संगमावर घर करून आहेत, हे कळले की नदीकडे पाहायची नजरच बदलते.

मुक्काम शहाद्यात. रात्रीच गाडीची टाकी भरावी आणि रोख पैसे काढून ठेवावेत. वर दोन्हींचा भरवसा नाही.

दिवस दुसरा: घाट आणि तळे

शहाद्याहून म्हसावद, राणीपूर, काळापाणी करत तोरणमाळ पन्नास-पंचावन्न किलोमीटर. म्हसावदपर्यंत केळी, पपई आणि ऊस. राणीपूर सोडले की शेते लहान होतात, साग सुरू होतो, आणि घरे गावठाणात न राहता ज्याच्या त्याच्या शेतात दिसू लागतात. इथून पुढे वस्ती पावरा आणि भिल्ल लोकांची, आणि गाव म्हणजे लांब लांब पसरलेले पाडे. रस्त्यावर शेळ्या, गुरे आणि पोरे कुठल्याही वळणावर असतात. वेग चाळिशीच्या आतच ठेवावा.

सातपायरीचा घाट या प्रवासातला एकच कसोटीचा टप्पा. एकावर एक सात वळणे, वरून पाहिले तर खरोखर पायऱ्या कोरल्यासारखी. चढताना वळणाच्या आधीच दुसरा गिअर टाकावा. वळणात शिरल्यावर गिअर बदलायला गेले की गाडी दम सोडते आणि मागे सरकते. पूर्ण भरलेल्या गाडीने पहिल्यावरच चढावे. वर येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा घाटाचा नियम इथले जीपवाले काटेकोर पाळतात, आपणही पाळावा. उतरताना उलटी काळजी. ज्या गिअरवर चढलो त्याच गिअरवर उतरायचे. सतत ब्रेक दाबून उतरले तर ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि शेवटच्या दोन वळणांत ब्रेक लागेनासे होतात. असा वास आलाच तर गाडी कडेला लावून वीस मिनिटे थंड होऊ द्यावी, चाकांवर पाणी ओतू नये. जुलै-ऑगस्टमध्ये दरडी पडतात, तेव्हा शहाद्यात रस्त्याची चौकशी करूनच निघावे.

एसटीने यायचे तर शहादा आगारातून गाडी आहे, पण फेऱ्या मोजक्या. परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे वर उतरताच वाहकाला विचारून ठेवावे.

घाटात नागार्जुनाचे स्थान लागते. तिथे थांबून मग वर. पठारावर आल्याबरोबर हवा बदलते. खाली शहाद्यात घाम पुसत होतो, इथे सुमारे ११५० मीटर उंचीवर दुपारी दीड वाजताही सावलीत गार लागत होते.

समोर यशवंत तलाव. डोंगरमाथ्यावर एवढे मोठे पाणी असेल असे घाट चढताना वाटत नाही, म्हणूनच पहिल्यांदा पाहणारा माणूस गाडी थांबवतोच. उन्हाळ्यातही हे पाणी आटत नाही, असे गावकरी सांगतात. काठाला बाभूळ-जांभळीची सावली, पाणकावळे, आणि संध्याकाळी पाण्यावर उतरणारे गुरांचे कळप. नौकाविहार असतो, पण वारा सुटला की बंद ठेवतात. त्यासाठी सकाळची वेळ बरी.

तळ्याजवळच गोरक्षनाथांचे मंदिर. नाथपंथीयांचे हे मोठे ठिकाण. महाशिवरात्रीला महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरात अशा तिन्ही बाजूंनी यात्रा लोटते, पुष्कळ लोक नवस फेडायला डोंगर पायी चढून येतात. त्या आठवड्यात निवांतपणा शोधत येऊ नये आणि खासगी गाडीही वर आणू नये, घाट तासन्‌तास अडतो. एरवी मंदिरात चार-पाच माणसे असतात. धुनीजवळ बसलेल्या एका वृद्ध नाथजोग्यांनी सांगितले, की गोरक्षनाथांचे दर्शन घेऊन मग गुरूच्या गुहेला जायचे. बहुतेक पर्यटक जवळ पडते ते आधी करतात.

मच्छिंद्रनाथांची गुहा दाट झाडीत, उतरणीला आहे. आत अंधार, छत खाली, दगड ओलसर. मोबाइलच्या उजेडापेक्षा छोटी बॅटरी बरी, कारण वाकून चालताना एक हात टेकायला मोकळा हवा. वटवाघळे असतात, मोठ्याने बोलू नये. उजेड वटवाघळांवर न मारता पायांपुढे धरावा. चार वाजण्याच्या आत जाऊन यावे, झाडीत अंधार लवकर पडतो.

राहायला वनविभागाचे विश्रामगृह, पर्यटक निवास आणि काही साध्या खोल्या. फोन करून नक्की केल्याशिवाय चढू नये. जेवणाचे तर त्याहून महत्त्वाचे: इथे तयार ताट मिळत नाही. रात्री आठला जेवायचे तर दुपारी तीनला माणसे मोजून सांगावे लागते. सांगितले की मग ज्वारीची किंवा मक्याची चुलीवरची भाकरी, उडदाची दाट डाळ, हिरव्या मिरचीचा ठेचा. डाळीला लसणाची फोडणी आणि बाकी काही नाही. आमच्या चार दिवसांतले सर्वांत चांगले जेवण हेच.

दिवस तिसरा: सीताखाई, कमळ तलाव, तोरणादेवी आणि किल्ल्याचे अवशेष

पहाटे साडेपाचला तळ्यावर धुके इतके दाट होते, की काठावरचा माणूस आवाजावरूनच कळत होता. सातच्या सुमारास धुके एका बाजूने उचलले गेले, आणि आधी पाणी, मग पलीकडचा काठ, मग डोंगर असे एकेक उघडत गेले. मुक्काम न करणाऱ्याला ही घटका कधीच मिळत नाही. स्वेटर ऑक्टोबरातही हवाच. डिसेंबर-जानेवारीत दोन पांघरुणे कमी पडतात. याच सातपुड्यात, अक्कलकुव्याच्या डाब परिसरात, कडाक्याच्या थंडीत दव गोठते.

सकाळी आधी कमळ तलाव. कमळे ऊन चढेपर्यंतच पूर्ण उमललेली असतात, दहा-अकरानंतर मिटू लागतात. काठ दलदलीचा आहे आणि फूल हाताशी दिसले तरी त्याचा देठ लांब पाण्यात असतो. तोडायला वाकणारा हमखास घसरतो, आणि तोडूही नयेत.

तिथून सीताखाई. पठार अचानक तुटते आणि काळ्या कातळाची उभी दरी समोर येते. सीतेच्या नावाशी जोडलेल्या कथा इथे प्रत्येक जण थोड्या वेगळ्या सांगतो. कातळ बेसाल्टचा, लाव्हाचे थर एकावर एक आडवे रचलेले स्पष्ट दिसतात. पावसाळ्यात पठारावरचे पाणी इथून खाली कोसळते. ऑक्टोबरअखेर धार बारीक झालेली असते, पण दरी पूर्ण दिसते, म्हणून मला हीच वेळ पसंत. हाक मारली की प्रतिध्वनी येतो. कठड्याच्या पलीकडे सुकलेले गवत अतिशय निसरडे असते. ओल्या दगडाला माणूस भितो, कोरड्या गवताला भीत नाही, आणि तिथेच घात होतो.

शेळ्या राखणारा एक दहा-बारा वर्षांचा मुलगा सोबत चालू लागला. आपसांत पावरी बोलणारा, आमच्याशी मराठीत. खाईच्या कडेने गवतात मळलेली वाट कोणती आणि गुरांनी पाडलेली फसवी वाट कोणती, हे त्याने दाखवले. माणसांची वाट रुंद आणि वळणे घेत जाते, शेळ्यांची अरुंद आणि सरळ कड्याकडे. खडकी पॉइंट आणि आवाशाबारी पॉइंटकडे चालताना हे ज्ञान फार उपयोगी पडले. या दोन्ही ठिकाणी वाटाड्या घ्यावा, मजुरी आधी ठरवून घ्यावी आणि ठरल्यापेक्षा थोडी जास्त द्यावी. प्रत्येकी दोन लिटर पाणी सोबत हवे, वाटेत दुकान नाही.

दुपारी तोरणादेवीचे मंदिर. देवीवरून तोरणमाळ, असे काही जण सांगतात, तर काही जण तोरणाच्या झुडपांवरून. देवीचे स्थान साधे आहे, कोरीवकाम शोधू नये. पायऱ्यांवर बसलेल्या बाया नारळाबरोबर शेतातले पहिले कणीस घेऊन आल्या होत्या. घरात नवे धान्य खाण्याआधी ते देवाला दाखवायचे, ही सातपुड्यातली रीत.

तोरणमाळ हा मुळात डोंगरी किल्लाही आहे, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. चहूबाजूंनी तुटलेले कडे हीच त्याची तटबंदी, आणि जिथे चढण सोपी तिथे तट बांधलेला. त्याचे अवशेष अजून दिसतात. पांडवांशी लढलेला युवनाश्व इथला राजा होता, अशी खान्देशातली जुनी परंपरा आहे. तट शोधायचा तर झाडीत शिरण्याआधी जुन्या माणसाला विचारावे. सुटे दगड आणि रचलेले दगड यांत फरक सहज कळत नाही. सरळ ओळीत, खालचे मोठे आणि वरचे लहान असे दगड लागले, की तो तट समजावा.

संध्याकाळी रस्त्याकडेला सीताफळे आणि आमचूर. सीताफळ घेताना डोळे पाहावेत. दोन डोळ्यांमधली रेघ पांढरट-पिवळी होऊन रुंदावली असेल तर दोन दिवसांत पिकते. डोळे चिकटलेले असतील तर फळ कोवळे, ते पिकत नाही, काळे पडते.

आमचुराबद्दल जरा सविस्तर, कारण अक्राणी तालुक्याच्या या पट्ट्यात घरच्या मिठा-तेलाचा पैसा पुष्कळदा त्यातूनच येतो. एप्रिल-मे महिन्यांत गावठी आंब्याच्या कैऱ्या उतरवतात, साल काढतात, कोय टाळून काप करतात आणि कौलांवर किंवा खाटेवर चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवतात. आमचूर विकणाऱ्या आजींनी दोन ढीग वेगळे करून दाखवले. एक पांढरट, एक तपकिरी. पांढरा महाग. वाळताना वळवाची एक सर आली, की रात्रीत सगळा माल तपकिरी होतो आणि भाव खूप खाली येतो. कैरी मुळातच थोडी पिकलेली असली तरी रंग धरत नाही. खाली पडलेली कैरी त्या वापरतच नाहीत, मार लागलेल्या जागी काप काळा होतो. आम्ही दोन किलो घेतला. भाव त्यांनी सांगितला तोच द्यावा, घासाघीस करू नये. झाडावर चढण्यापासून घरच्या सगळ्यांचे दोन महिने त्यात गेलेले असतात.

दिवस चौथा: उनपदेव, थाळनेर, सोनगीर

सकाळी सातला घाट उतरलो. त्या वेळी वर येणाऱ्या गाड्या कमी असतात.

पायथ्याला, शहादा तालुक्यातल्या दरा गावाजवळ उनपदेव. गोमुखातून बारमाही गरम पाणी पडते आणि अंघोळीसाठी कुंड बांधलेले आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीला खोल भेगा आहेत. मुरलेले पाणी त्यांतून खाली जाते, तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. नकाशावर शोधताना नीट पाहावे: चोपडा तालुक्यात अडावदजवळही उनपदेव आहे आणि तिथेही गरम झरा आहे. चुकीच्या नावावर बोट ठेवले तर शंभरावर किलोमीटरचा फेरा पडतो. पाण्यात एकदम उतरू नये, आधी पाय, मग गुडघे. दहा मिनिटांत बाहेर यावे आणि वर पाणी प्यावे, नाहीतर चक्कर येते. चांदीचे दागिने काढून ठेवावेत.

शहाद्याहून शिरपूर, आणि तिथून तापीकाठी थाळनेर. मला या प्रवासात सगळ्यात जास्त वेळ द्यावासा वाटतो तो इथे, आणि इथेच लोक येत नाहीत. १३७० मध्ये फिरोजशहा तुघलकाने मलिक राजा फारुकीला हा प्रदेश दिला आणि त्याने थाळनेरला राजधानी केली. पुढे बुऱ्हाणपूर वसले, राजधानी तिकडे गेली, पण घराण्याच्या सुरुवातीच्या पुरुषांच्या कबरी इथेच राहिल्या. त्यांतली अष्टकोनी कबर जवळून पाहावी. दगडातली नक्षी उथळ आहे, भर दुपारी सपाट दिसते. चारनंतर ऊन तिरपे झाले, की प्रत्येक पाकळी उठून येते.

किल्ला नदीच्या अगदी काठावर. जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांचा खान्देश इंग्रजांकडे गेला, पण थाळनेरचे किल्लेदार तुळशीराम मामा यांनी किल्ला सोडला नाही. २७ फेब्रुवारीला सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने वेढा घातला. दरवाजात बोलणी चालू असतानाच चकमक उडाली, मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले. मग आतल्या सुमारे तीनशे माणसांची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फाशी दिले. आज त्या जागी बाभळी, पडके बुरूज आणि खाली तापी. एवढी माणसे जिथे पडली, तिथे त्यांची आठवण सांगणारा ठळक फलक असायला हवा. नदीकडची बाजू दर पावसाळ्यात खचते. कडेला वरून जमीन दिसते, पण खालची माती गेलेली असते, म्हणून काठापासून पाच-सहा पावले आतच थांबावे. पायात बूट हवेत, बाभळीचा काटा चपलेतून आरपार जातो.

गावात ओट्यावर बसलेल्या बाबांनी पाणी दिले आणि पहिली गोष्ट सांगितली ती किल्ल्याची नाही, तर लता मंगेशकरांचे आजोळ थाळनेरचे, ही. गावाला तिचा मोठा अभिमान आहे.

सावळद्याच्या पुलावरून तापी शेवटची ओलांडली आणि महामार्गाने सोनगीर. किल्ला लहान, वीस मिनिटांत चढून होतो, पण आम्ही पोहोचलो तेव्हा दिवस मावळत होता, म्हणून पायथ्याच्या तांबट आळीतच थांबलो. सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. आम्ही पितळी डबा पाहत होतो, तेव्हा दुकानदार दादांनी आधी विचारले, "ठेवणार काय?" आमचूर म्हटल्यावर त्यांनी डबा बाजूला सारला. आंबट वस्तू उघड्या पितळेला लागली की हिरवा गंज धरतो आणि तो पोटात जाणे वाईट. कल्हई केलेला डबा घ्यावा. भांडे तापवून, नवसागर फिरवून, कथलाचा हात दिलेली कल्हई आतून आरशासारखी एकसारखी दिसते. कुठे पिवळे डोकावत असेल तर तिथे ती बसलेली नाही. वापरून ती झिजली की पुन्हा करून घ्यावी. आणि तोवर, ते म्हणाले, आमचूर काचेच्या बरणीतच बरा.

आमचूर बरणीत भरला आहे.